गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो? व्होल्टेज आणि करंट मोजून दोषाची नेमकी जागा कशी शोधायची

नारायणगावात थंडी पडली की ताईच्या घरी गिझर दिवसातून दोन-तीनदा चालतो. गेल्या हिवाळ्यात त्या गिझरचा प्लग टॉप तीन वेळा जळला. पहिल्यांदा दाजींनी बाजारातून नवा आणून बसवला. दुसऱ्यांदा मी बसवला. तिसऱ्या वेळी सकाळी साडेसहाला ताईचा फोन आला, "अरे, परत तोच वास येतोय. मी बटण बंद केलंय, पण प्लगला हात लावायची भीती वाटते."

तिनं बटण बंद केलं आणि प्लगला हात लावला नाही, दोन्ही अगदी बरोबर केलं. चूक माझी होती. वीस वर्षं वायरमनचं काम करूनही दुसऱ्या वेळी मी फक्त प्लग बदलला होता. सॉकेट बाहेरून बरं दिसत होतं, म्हणून तेच ठेवलं आणि मीटर बाहेर काढला नाही. त्या हलगर्जीपणामुळे माझ्या बहिणीच्या घराला आग लागू शकली असती. म्हणून तिसऱ्या वेळी जे मोजलं ते सगळं आकड्यांसह लिहितोय. ही तक्रार घरोघरी आहे आणि बहुतेक ठिकाणी प्लगच्या कंपनीला दोष देऊन विषय संपवला जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली जी चालू सप्लायवरची मोजमापं आहेत ती लायसन असलेल्या वायरमननंच करायची, तीही कोरड्या जमिनीवर, रबरी मॅटवर उभं राहून. घरच्या माणसानं काय तपासायचं ते वेगळं सांगितलंय. आकडेमोड मात्र प्रत्येकानं समजून घ्यावी. वायरमननं घेतलेले आकडे मागून घ्या आणि स्वतः गणित करून बघा.

एमसीबी का पडली नाही?

दाजींनी पहिला प्रश्न हाच विचारला. "एवढं वितळेपर्यंत तापतंय, मग एमसीबी काय करत होती?"

एमसीबीला फक्त किती करंट वाहतोय ते कळतं. दोन हजार वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि त्या लाइनवर सोळा अँपिअरची एमसीबी आहे. प्लग जळतो तो बहुतेकदा लूज, म्हणजे ढिल्या जोडामुळे. असा जोड गिझरबरोबर एकसर जोडणीत असतो, म्हणजे तोच करंट आधी जोडातून आणि मग गिझरमधून जातो. जोडाचा रोध वाढला की करंट उलट थोडा कमी होतो. त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं. ईएलसीबी किंवा आरसीसीबीचंही तेच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय ना, एवढंच ती बघते. इथे तो पूर्ण परत येतो, फक्त वाटेत एका ठिकाणी भयंकर उष्णता सोडून येतो. विजेच्या बिलातही हा दोष दिसत नाही. ताईकडे वाया जाणारी शक्ती पुढे मोजली तर ५२ वॅट निघाली. रोज एक तास धरला तरी महिन्याला दीड युनिट! एवढ्यानं कुणाचं बिल वाढल्याचं लक्षात येणार?

म्हणजे घरातल्या संरक्षणाच्या कुठल्याच साधनाला हा दोष दिसत नाही. तो मोजूनच सापडतो.

लागणारं गणित

दोनच सूत्रं लागतात आणि ती दहावीच्या पुस्तकात आहेत.

रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती (वॅट) = व्होल्टेज × करंट

दोन्ही एकत्र केली की तिसरं मिळतं: उष्णता = करंट × करंट × रोध. पहिलं सूत्र जॉर्ज ओहमचं, १८२७ साली प्रसिद्ध झालेलं. उष्णतेचा नियम जेम्स ज्यूलचा, १८४१ चा. ओहमची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोड लावला की घसरायचं, त्यामुळे त्याची मापं जुळेनात. शेवटी त्यानं बॅटरी सोडून थर्मोकपल घेतलं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंची अशी जोडणी की जिच्या दोन टोकांच्या तापमानातल्या फरकानं व्होल्टेज तयार होतं. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तसा स्थिर सप्लाय मिळाल्यावरच नियम सापडला. लोड लावल्यावर व्होल्टेज बदलतं, ही अडचण तेव्हाही होती आणि आपल्या प्लगच्या दुखण्यातही नेमकी तीच आहे.

माझा भाचा दहावीत आहे. वही घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, व्होल्टेज २३० धरायचं ना?"

नाही. सगळा घोळ इथेच होतो. २३० हा कागदावरचा आकडा आहे. गिझरवर "२००० वॅट, २३० व्होल्ट" लिहिलेलं असतं, त्यावरून एलिमेंटचा रोध तेवढा काढता येतो: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. हा रोध फारसा बदलत नाही, कारण एलिमेंटची तार नायक्रोमची असते आणि तापल्यावर तिच्या रोधात थोडाच फरक पडतो. पण त्या एलिमेंटला आत्ता, या क्षणी किती व्होल्ट मिळताहेत ते मोजावंच लागतं. आणि ते गिझर चालू असताना मोजायचं. प्लग काढून रिकाम्या सॉकेटमध्ये प्रोब घातले तर सडलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंटच वाहत नसतो. करंट शून्य असेल तर जोडावर पडणारं व्होल्टेजही शून्य. टेस्टरचंही तसंच. त्याचा दिवा पेटला म्हणजे फेज आहे एवढंच समजतं, जोड चांगला आहे की नाही हे त्यावरून अजिबात कळत नाही.

त्या सकाळी घेतलेले आकडे

मेन बोर्डवर, गिझर बंद: २३१ व्होल्ट
मेन बोर्डवर, गिझर चालू: २२८ व्होल्ट
गिझरच्या स्वतःच्या टर्मिनलवर, चालू असताना: २१९ व्होल्ट
क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) करंट: ८.३ अँपिअर

भाच्यानं पहिलं गणित केलं: २१९ ÷ ८.३ = २६.४ ओहम. एलिमेंट ठणठणीत आहे. दुसरं: २१९ × ८.३ = साधारण १८१८ वॅट. पाणी तापतंय, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती.

आता बोर्डवर २२८ आणि गिझरवर २१९. मधे नऊ व्होल्ट कुठे गेले? ९ ÷ ८.३ = १.०८ ओहम इतका रोध वाटेत आहे, आणि ९ × ८.३ = जवळजवळ ७५ वॅट वाटेत जळताहेत.

या सगळ्याला दोष म्हणता येणार नाही. वायरलाही रोध असतोच. बोर्डपासून सॉकेटपर्यंत अठरा मीटर वायर आहे, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन छत्तीस मीटर. अशा लवचिक वायरचा रोध किलोमीटरला साधारण आठ ओहम असतो, म्हणजे छत्तीस मीटरला ०.२९ ओहम. त्यावर ८.३ अँपिअरला २.४ व्होल्ट पडणारच. गिझरची दीड मीटरची कॉर्ड दीड चौरस मिलिमीटरची, तिचे ०.३ व्होल्ट. एकूण २.७ व्होल्ट हिशेबातले. उरलेले ६.३ व्होल्ट हिशेबात बसत नाहीत. ६.३ × ८.३ = ५२ वॅट. ही उष्णता वायरमधून निघत नव्हती, जोडांत निघत होती.

फेज की न्यूट्रल?

इथपर्यंत आलं की बहुतेक जण फेजच्या मागे लागतात. "न्यूट्रलमध्ये करंट नसतो" हा समज किती खोल रुजलाय ते मी रोज बघतो. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे लूज न्यूट्रल तितकाच तापतो.

हे वेगळं करायला एक लांब वायर लागते. तिचं एक टोक बोर्डमधल्या न्यूट्रल पट्टीला क्लिपनं लावायचं, दुसरं टोक मीटरच्या एका प्रोबला, आणि मीटरचा दुसरा प्रोब गिझरच्या न्यूट्रल टर्मिनलवर. एकाच वाटेच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजलं जातं. ही चाचणी वायर कितीही लांब आणि बारीक असली तरी चालते, कारण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मीटर अर्थातच एसी व्होल्टवर, आणि वायर चांगल्या इन्सुलेशनची.

न्यूट्रलच्या वाटेवर ७.१ व्होल्ट आले. मग तसंच फेजच्या वाटेवर मोजलं: १.९. वायरच्या हिशेबानं प्रत्येक वाटेवर १.३ ते १.४ यायला हवे होते. फेजकडे अर्धा व्होल्ट जास्त, तो सोडून देता येतो. न्यूट्रलकडे पावणेसहा जास्त.

मग सॉकेटची प्लेट उघडून त्याच्या मागच्या न्यूट्रल स्क्रूपासून गिझरपर्यंत मोजलं. ४.८ व्होल्ट. त्यातले ०.२ कॉर्डचे. उरलेले ४.६ व्होल्ट प्लगच्या पिनेवर आणि सॉकेटच्या आतल्या पट्टीवर, जेमतेम नखाएवढ्या जागेत. ४.६ ÷ ८.३ = ०.५५ ओहम. ४.६ × ८.३ = ३८ वॅट.

भाच्याला वाटलं अडतीस वॅट म्हणजे काहीच नाही, एका छोट्या बल्बाएवढे. मी त्याला माझ्या पिशवीतलं सोल्डरिंग आयर्न दाखवलं. ते पंचवीस वॅटचं आहे. त्याच्या टोकावर शिसं-कथलाचं सोल्डर, जे १८३ अंशाच्या आसपास वितळतं, बघता बघता पाण्यासारखं वाहतं. प्लगमध्ये त्याहून जास्त शक्तीचं आयर्न दिवसातून दोन-तीनदा वीस-पंचवीस मिनिटं पेटत होतं. शेजारी, भिंतीतल्या छत्तीस मीटर वायरमध्ये वीस वॅट जळत होते, पण मीटरला अर्धा वॅट जेमतेम. ती वायर कोमटही लागत नव्हती. उष्णता किती निघते याच्याइतकंच ती किती जागेत निघते हे महत्त्वाचं आहे.

आणखी एक गणित भाच्याकडून मुद्दाम करून घेतलं. या जोडाचा रोध दुप्पट झाला, ०.५५ चा १.१ ओहम, तर काय होईल? ट्रान्सफॉर्मरपासून गिझरपर्यंतचा सगळा मिळून रोध (२३१ ÷ ८.३) २७.८ च्या जागी २८.४ होईल. करंट ८.३ वरून ८.१४ वर येईल, म्हणजे जेमतेम दोन टक्के कमी. पण जोडातली उष्णता ३८ वरून ७३ वॅट. करंट जवळजवळ तोच आणि उष्णता दुपटीच्या घरात. तापलं की पितळेवर काळा थर चढतो, पट्टीचा ताण जातो, रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. म्हणून प्लग महिनाभर बरा वाटतो आणि मग दोन दिवसांत काळा पडतो.

सॉकेट उघडल्यावर काय दिसलं

मेन बंद करून, टेस्टर आणि मीटर दोन्हींनी सप्लाय नसल्याची खात्री करून सॉकेट बाहेर काढलं. पुढून पांढरं स्वच्छ. मागून न्यूट्रलच्या बाजूचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं. आतली पितळी पट्टी, जिनं पिनेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं असतं, ती उघडीच राहिली होती. तिसऱ्यांदा आणलेला कोराकरकरीत प्लग त्यात खोचला, आणि नुसता बोटानं खाली दाबला तर सुटून हातात आला. पहिल्या प्लगनं ही पट्टी भाजून काढली होती. त्यानंतरचे दोन्ही प्लग या ढिल्या पट्टीनं जाळले. मी बसवलेला धरून.

वायर सोललेल्या टोकाला काळी होती. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये बहुतेक ०.३ मिलिमीटरच्या छत्तीस तारा असतात. स्क्रूखाली मोजल्या तर वीस-एकवीस सापडल्या. बाकीच्या कुणीतरी सोलताना ब्लेडनं तोडल्या होत्या. गँग बॉक्सच्या, म्हणजे सॉकेटमागच्या भिंतीतल्या डब्याच्या कोपऱ्यात न्यूट्रलचा आणखी एक जोड निघाला, पिळ देऊन नुसती टेप गुंडाळलेला. बोर्ड ते सॉकेट या टप्प्यात जो एक व्होल्ट जास्त पडत होता तो इथला. ९ वॅट. पुढचा जळायचा नंबर त्याचाच होता.

दुरुस्ती अशी केली. सॉकेट आणि प्लग दोन्ही एकदम बदलले, सोळा अँपिअरचे, आयएसआय मार्कचे. एक जळालं की दोन्ही फेकायचे, हे मी आता कुणाशीही वाद न घालता करतो. काळी वायर आतून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, सात-आठ सेंटिमीटर गेली. काळ्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग नाही. तारा न तुटता सोलली, लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) घालून क्रिंपिंग टूलनं दाबली आणि मग स्क्रूखाली घेतली. टेपचा जोड कापून तिथे स्क्रूचा कनेक्टर लावला. प्रत्येक वायर बसवल्यावर ओढून बघितली.

काही वायरमन तारांच्या टोकाला सोल्डर लावून मग स्क्रूखाली देतात, मजबुतीसाठी. कृपा करून असं करू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू ढिला होतो.

सोळाच्या प्लगला सहाच्या सॉकेटमध्ये घालणारे जे कन्व्हर्टर मिळतात, ते गिझर, इस्त्री, इंडक्शन, हीटर यांच्यासाठी कधीच वापरायचे नाहीत. गिझर कायमचा भिंतीवर असेल आणि जागा असेल तर प्लग-सॉकेट काढूनच टाका. वीस अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि तिथून थेट गिझरला वायर, हे सगळ्यात चांगलं. ताईकडे बॉक्स लहान होता म्हणून ते जमलं नाही.

परत मोजलं. बोर्डवर २२८, गिझरवर २२५, करंट ८.५. मधे तीन व्होल्ट, म्हणजे ०.३५ ओहम. वायर आणि कॉर्डचे ०.३३ आधीच हिशेबात होते. जोडांवर आता दोन-शतांश ओहम उरला. गिझरला १९१२ वॅट मिळू लागले.

घरच्या माणसानं काय तपासायचं

गिझर दहा मिनिटं चालवा. बटण बंद करा, मग एमसीबी बंद करा आणि प्लग बाहेर काढा. आधी प्लगच्या अंगाला बोटाची मागची बाजू लावा. हात ठेवता येत नसेल इतका तापला असेल तर तिथेच थांबा, वायरमनला बोलवा. तसा नसेल तर पिनांच्या जवळ बोट नेऊन बघा, कोणती पिन जास्त गरम आहे. दोन्ही सारख्या कोमट असतील तर ठीक. एकच तापली असेल तर दोष त्या बाजूला. ताईच्या प्लगला डावी-उजवीतला फरक डोळे मिटून कळत होता.

ज्यांच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे त्यांनी चकचकीत पितळेवर तो रोखू नये, फार कमी तापमान दाखवतो. पिनेवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

क्लॅम्प मीटर नसेल तरी गिझर किती शक्ती घेतोय ते घरच्या वीजमीटरवर कळतं. मीटरवर "३२०० इम्प/केडब्ल्यूएच" असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ३६००० ला ३२०० नं भागलं की ११.२५ येतात. त्याला सेकंदांनी भागा. ६ सेकंद लागले तर ११.२५ ÷ ६ = १.८७५ किलोवॅट. तुमच्या मीटरवर १६०० लिहिलं असेल तर ३६००० ला १६०० नं भागायचं.

पण या पद्धतीनं लूज जोड सापडेल असं समजू नका. ताईच्या घरी बिघडलेल्या अवस्थेतही मीटरवर १८९० च्या आसपास वॅट दिसले असते, आणि सगळं ठीक असताना १९४०. हा फरक या मोजणीत हरवून जातो. एलिमेंट बरोबर आहे का आणि व्होल्टेज कमी आहे का, एवढ्यासाठीच ही पद्धत उपयोगी.

तुमचे आकडे वेगळे आले तर

बोर्डवरच व्होल्टेज कमी असेल, समजा १९०, तर गिझर २००० च्या जागी १९० × १९० ÷ २६.४५ = १३६५ वॅटच देईल. पंधरा लिटर पाणी २० वरून ६० अंशावर न्यायला एकवीस मिनिटांऐवजी तीसच्या वर लागतील. गिझर बिघडलेला नाही, एलिमेंट बदलून पैसे घालवू नका.

गिझर चालू करताच बोर्डवरचं व्होल्टेज पंधरा-वीसनं घसरत असेल तर मात्र लगेच लक्ष द्या. ताईकडे ते तीननं घसरलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून बोर्डपर्यंत ०.३६ ओहम. अठरानं घसरलं तर २ ओहमच्या वर, आणि ती उष्णता बहुतेकदा मीटरच्या टर्मिनलवर किंवा सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या वायरच्या) जोडावर निघत असते. तिथलं सील तोडायचं नाही, वीज कंपनीकडे तक्रार द्यायची. घरात थ्री फेज असेल आणि काही दिवे मंद, काही एकदम प्रखर होत असतील तर मेन न्यूट्रल सुटतोय. त्या क्षणी मेन स्विच बंद करा, एका फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊन टीव्ही-फ्रिज जळतात.

गिझर तापतच नसेल तर प्लग काढून फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये रोध मोजा, गिझरचा स्विच आणि थर्मोस्टॅट चालू ठेवून. २६ ओहमच्या जवळ आलं तर एलिमेंट जिवंत आहे. काहीच दाखवलं नाही तर एलिमेंट तुटलंय किंवा थर्मल कटआउट उडालाय. ईएलसीबी पडत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर लागतो. साध्या मल्टिमीटरवर इन्सुलेशनचा निर्णय करू नका.

आणि हेच गणित मोटरला लावू नका. पाण्याच्या एक एचपी पंपाच्या वाइंडिंगचा रोध मीटरवर तीन ओहम आला, तर २३० × २३० ÷ ३ करून १७ हजार वॅट निघतील, ज्याला काही अर्थ नाही. फिरणारी मोटर करंटला फक्त तारेच्या रोधानं अडवत नाही. तिच्या बाबतीत व्होल्टेज × करंट सुद्धा वॅट देत नाही, पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बचंही असंच. थंड असताना मीटरवर चाळीस ओहमच्या आसपास, पेटल्यावर ५२९. हीटर, गिझर, इस्त्री, शेगडी एवढ्यांनाच वरचं सरळ गणित लागू होतं.

मोजताना होणाऱ्या चुका

क्लॅम्प मीटरमध्ये अख्खी कॉर्ड घातली तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. एकच वायर घ्यायची. मल्टिमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तसाच सप्लायला लावला तर सरळ शॉर्ट होतो. असं झाल्यावर मीटर हातात फुटलेला मी बघितलाय. आणि जोडाचा अर्धा ओहम मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शोधू नका, प्रोबच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो. इतका लहान रोध लोडखाली पडणारे व्होल्ट मोजून, त्यांना करंटनं भागूनच काढायचा. मीटरचा बझर (वाट जोडलेली असली की वाजणारा) वाजला म्हणजे जोड चांगला, हे तर अजिबात नाही. ताईचं जळकं सॉकेट मी बझरवर लावून बघितलं, छान वाजलं.

नवे स्क्रू पहिल्या महिन्यात थोडे बसतात, म्हणून संक्रांतीला गेलो तेव्हा मेन बंद करून सगळे परत आवळले. सॉकेटचा न्यूट्रल पाव आटा फिरला. मग गिझर चालू करून मोजलं. बोर्ड ते गिझर ३.१ व्होल्ट, ८.५ अँपिअर. भाच्यानं तारखेसकट हे दोन आकडे बोर्डच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलेत, आणि त्याखाली पुढच्या दिवाळीसाठी एक ओळ रिकामी सोडली आहे.